कौल, कार्ताज आणि करार : डॉ. पिसुर्लेकरांच्या संशोधनाची एक भाषिक चिकित्सा

१

सागरी सुरक्षेच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्य हा विषय गेल्या काही वर्षांत विद्यापीठीय संशोधनात चांगलाच प्रतिष्ठित झाला आहे. विशेषतः २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रमार्गे आलेल्या हल्ल्यानंतर राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय विधी ह्या तिन्ही शाखांतील अभ्यासकांचे लक्ष ह्या विषयाकडे वळले. ह्या लेखनाचा आरंभ बहुधा १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरविषयक करारापासून केला जातो. जणू त्यापूर्वी समुद्रावर केवळ बळाचे राज्य होते, आणि परस्परांच्या जहाजांना अभय देण्याघेण्याची कल्पना आपल्या पिढीस प्रथमच सुचली! ही समजूत इतिहासाच्या दृष्टीने चुकीची आहे. मराठीच्या अभ्यासकास तर ती अधिकच अशोभनीय आहे. कारण ह्या विषयावरील अत्यंत भरीव असे संशोधन मराठीत उपलब्ध आहे. मात्र त्यावर 'सागरी सुरक्षा' हे नाव नाही, म्हणून ते कोणी त्या दृष्टीने वाचत नाही इतकेच.

हे संशोधन म्हणजे डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर ह्यांचे. गोव्यातील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये जन्मलेल्या ह्या संशोधकाने आपल्या आयुष्याचा मोठा भाग गोव्याच्या पोर्तुगेज दफ्तरखान्यात व्यतीत केला आणि त्याचे संचालकपदही भूषविले. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला पोर्तुगेजांच्या हिंदुस्थानातील राजनैतिक प्रतिनिधींवरचा ग्रंथ, १९५३ ते १९५७ ह्या काळात पाच खंडांत संपादिलेले गोव्याच्या राज्यमंडळाचे ठराव, आणि पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ, ही त्यांच्या परिश्रमाची ठळक फळे होत. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रस्तुत लेखात त्यांच्या समग्र कार्याचे मूल्यमापन करण्याचा हेतू नाही. समुद्रावरील परस्पर-अभयाचा प्रश्न त्यांच्या संशोधनातून कसा प्रकट होतो आणि त्यांच्या मांडणीमुळे तो कोठे झाकला जातो, एवढेच येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

२

प्रथम ऋण मान्य करणे उचित होय. पिसुर्लेकरांच्या पूर्वी मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिताना मुख्य भिस्त इंग्रजी वखारींच्या पत्रव्यवहारावर होती. त्या पत्रव्यवहारात मराठी आरमार हे बहुतेक वेळा उपद्रव म्हणूनच दिसते. पोर्तुगेज दफ्तर उघडे झाले आणि तेच आरमार एक राजकीय सत्ता म्हणून दिसू लागले. ज्याच्याशी पत्रे लिहावयाची, वकील पाठवावयाचे, तह करावयाचे आणि मोडावयाचे, अशी ती सत्ता होती. गोव्याच्या दफ्तरात 'शेजारील राजांची पुस्तके' नावाची पत्रसंग्रहांची एक स्वतंत्र मालिकाच आहे. ज्याला आपण शेजारी राजा म्हणून पत्र लिहितो त्याला त्याच श्वासात लुटारू म्हणता येत नाही. निदान पत्र लिहिण्यापुरते तरी नाही. पिसुर्लेकरांच्या संशोधनाचे पहिले मोठे श्रेय ते हेच.

दुसरे श्रेय असे की, सहकार्य आणि असहकार्य ही दोन्ही किती जवळजवळ नांदतात हे त्यांच्या कागदपत्रांनी दाखविले. शिवाजीराजांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजे बांधण्यास आरंभ केला तेव्हा त्या कामावर रुई लैतांव व्हियेगश नावाचा पोर्तुगेज कारागीर आणि त्याचे सहकारी होते. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील हे लक्षात येताच, १६५९ मध्ये, वसईच्या पोर्तुगेज अधिकाऱ्यांनी त्या कारागिरांना फितवून काम सोडावयास लाविले. आधुनिक परिभाषेत ज्याला तंत्रज्ञान नाकारणे म्हणतात त्याचे कोकणच्या किनाऱ्यावरील हे एक जुने उदाहरण होय. आणि तरीही पुढील दहा-अकरा वर्षांत, १६६७ आणि १६७० मध्ये, त्याच दोन सत्तांमध्ये तह झाले. शत्रुत्व आणि तह ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती, उंबरठा होता. आणि तो दोन्ही पक्षांनी वारंवार ओलांडला.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समुद्रावर एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या जहाजाला अभय देणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? ते अभय व्यक्त करणाऱ्या शब्दांकडे पाहिले तर उत्तर स्पष्ट होते.

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगेजांनी हिंदी महासागरात वावरणाऱ्या व्यापारी जहाजांवर एक परवाना सक्तीचा केला. त्याचे नाव 'कार्ताज'. जहाजाचे नाव, त्याचा नाखुदा, माल, शस्त्रे आणि मार्ग ह्यांची नोंद त्यात असे. ज्याच्यापाशी कार्ताज नाही ते जहाज पकडण्यास योग्य, असा पोर्तुगेजांचा दावा होता. ह्या शब्दाचे मूळ पोर्तुगेज नाही. अरबीतील 'किर्तास', म्हणजे कागद, हे त्याचे मूळ होय. ज्या अरब व्यापाऱ्यांच्या हातून समुद्र हिसकावून घ्यावयाचा, त्यांच्याच भाषेतील शब्दाने त्यांच्यावर बंधन घातले गेले.

मराठ्यांच्या बाजूचे दोन शब्द प्रसिद्ध आहेत. एक 'कौल' आणि दुसरा 'दस्तक'. कौल हाही मुळात अरबी. त्याचा अर्थ बोल, दिलेला शब्द. दस्तक फारसी, त्यात 'दस्त', म्हणजे हात, हा अवयव स्पष्ट आहे. म्हणजे एकाच अभयाची तीन नावे झाली : एकात कागद आहे, दुसऱ्यात दिलेला शब्द आहे, तिसऱ्यात हात आहे. पोर्तुगेज भाषेत अभयपत्राला आणखी एक संज्ञा होती, 'कार्ता द सेगुरु'. त्यातील 'सेगुरु' हे विशेषण लॅटिनमधील निश्चिंततावाचक शब्दापासून आले आहे. आज जगभर जिच्या नावाने परिषदा भरतात ती सिक्युरिटी त्याच लॅटिन शब्दाची संतती होय.

ह्या व्युत्पत्तींचे प्रयोजन केवळ कौतुकाचे नाही. त्यांतून असे दिसते की, त्या काळी समुद्रावरील सुरक्षा ही एखादी स्थिती नव्हती. ती एक वस्तू होती. ती लिहिली जाई, दिली जाई, तिचे मोल घेतले जाई, ती मुदत संपल्यावर निर्जीव होई. आणि तिचे सारे सामर्थ्य एकाच गोष्टीवर अवलंबून असे : समोरून येणारा तो कागद मानतो की नाही. जहाजांची संख्या, तोफा, किल्ले हे सर्व त्यानंतरचे. म्हणून सागरी सहकार्य हे सर्वप्रथम कागदाच्या परस्परमान्यतेचे सहकार्य असते, हा ह्या लेखाचा मुख्य सिद्धान्त आहे. आणि त्याचा सर्वांत समृद्ध पुरावा पिसुर्लेकरांनी उजेडात आणलेल्या दफ्तरातच आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ह्या ग्रंथात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. आणि कौल असलेल्या सावकारी जहाजांना उपसर्ग होऊ नये, तसेच कौलाविना आलेल्या परक्या व्यापाऱ्यासही दिलासा देऊन आपल्या बंदराशी जोडून घ्यावे, असे धोरण सांगितले आहे. म्हणजे कौल न घेता आलेले जहाज हे केवळ सावज नव्हे, उद्याचे गिऱ्हाईकही होय, ही जाणीव अमात्यांना होती. राजव्यवहारकोश सिद्ध करविणाऱ्या राज्याला शब्दांचे राजकीय मोल कळत होते, ह्यात नवल नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कान्होजी आंग्र्यांचे दस्तक आणि पोर्तुगेजांचा कार्ताज ह्यांत तत्त्वतः भेद दाखविणे कठीण आहे. दोघेही समुद्रावर वावरणाऱ्यास आमचा कागद घ्या असे म्हणत होते. दोघेही न घेणाऱ्याचे जहाज पकडीत होते. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही असे प्रतिपादन करणारा ग्रोशिअस ह्या डच विधिज्ञाचा प्रसिद्ध ग्रंथ १६०९ चा. पण तोही डचांनी पोर्तुगेज जहाज पकडल्यानंतर, त्या कृत्याच्या समर्थनातून जन्मलेला आहे. तेव्हा इंग्रजी साधनांतील आंग्र्यांविषयीचा निंदाव्यंजक शब्द जसाच्या तसा उचलून मराठीत 'चाचे' असा उतरविणे जितके अशास्त्रीय, तितकेच त्या शब्दाचा राग येऊन सरखेलांना निःस्वार्थ सागररक्षक ठरविणेही अशास्त्रीय. आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत हे दोन्ही दोष आढळतात. प्रश्न कोण सज्जन होता हा नाही. कोणाचा कागद कोणी मानला, आणि न मानल्यास त्या कृत्याला कोणत्या दफ्तरात कोणते नाव मिळाले, हा आहे.

४

ह्या कसोटीवर 'पोर्तुगेज-मराठे संबंध' ह्या ग्रंथाच्या चौकटीविषयी पहिला आक्षेप घ्यावासा वाटतो. शीर्षकात दोन पक्ष आहेत, आणि विवेचनही त्या दोन पक्षांभोवती फिरते. भूमीवरील सीमेसाठी ही चौकट पुरेशी आहे. कारण सीमा दोघांत असते. समुद्रावर मात्र दोनच पक्ष क्वचित असतात. कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगेज, छत्रपती आणि पेशवे, आंग्रे, जंजिऱ्याचा सिद्दी, वाडीचे सावंत, मुंबईकर इंग्रज आणि सुरतेचे व्यापारी हे सर्व एकाच पाण्यावर वावरत होते. तेथे कोणतेही द्विपक्षीय सहकार्य हे बहुधा तिसऱ्याविरुद्ध असते.

१७२१ ची मोहीम हे ह्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगेज ह्यांनी आंग्र्यांविरुद्ध करार केला. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची लढाऊ जहाजे घेऊन आला. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः उत्तरेकडे आला. आणि वर्षाच्या अखेरीस दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली. सागरी सुरक्षेसाठी दोन युरोपीय राष्ट्रांनी उभारलेली ही संयुक्त फौज होती. ती अपयशी ठरली. बाजीरावांच्या घोडदळाची चाहूल लागताच पोर्तुगेजांनी १७२२ च्या आरंभी मराठ्यांशी वेगळा तह केला, आणि इंग्रज विश्वासघाताच्या तक्रारी लिहीत परतले.

गोव्याच्या दफ्तरातून पाहिले तर हा तह शहाणपणाचा दिसतो. मुंबईच्या दफ्तरातून पाहिले तर तो दगा दिसतो. दोन्ही वर्णने आपापल्या जागी खरी आहेत. कारण शत्रू एकच असला तरी सुरक्षेचा अर्थ दोघांचा एक नव्हता. इंग्रजांना आपल्या व्यापारी जहाजांचा निर्वेध संचार हवा होता. पोर्तुगेजांना वसई आणि उत्तरेकडचा मुलूख, म्हणजे भूमी, राखावयाची होती. समुद्रावरचा मित्र त्यांना भूमीवर उपयोगी नव्हता. द्विपक्षीय चौकटीत ही गोष्ट तहाच्या एका कलमासारखी दिसते. त्रिपक्षीय चौकटीत ती संपूर्ण मोहिमेचा उलगडा करते. आणि ज्या वसईसाठी हे सारे केले ती पोर्तुगेजांना १७३९ मध्ये चिमाजीआप्पांच्या हाती द्यावी लागली, हा इतिहासाचा पुढचा निर्णय.

१७५५-५६ चे उदाहरण मराठ्यांच्या दृष्टीने अधिक दुःखद आहे. तुळाजी आंग्र्यांच्या बंदोबस्तासाठी पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांना गेला. कागदावर हे सहकार्य यशस्वी होते, अगदी १७२१ च्या मोहिमेपेक्षाही. परंतु ज्या आरमाराच्या बळावर मराठ्यांचा कौल समुद्रावर मानला जात होता ते आरमार ह्या यशातच नष्ट झाले. कौल देण्याचा अधिकार राहिला, कौल मानावयास लावण्याचे सामर्थ्य गेले. सहकार्याचा करार करताना कोणाचा कागद कायम राहतो आणि कोणाचा रद्द होतो हे न पाहिल्यास काय होते, ह्याचा ह्याहून स्पष्ट धडा आपल्या इतिहासात नाही.

डॉ. भा. कृ. आपटे ह्यांच्या मराठी आरमार आणि व्यापारी जहाजे ह्यांवरील इंग्रजी ग्रंथाचा (१९७३) येथे उल्लेख केला पाहिजे. त्यात आरमार हाच विवेचनाचा केंद्रबिंदू असल्यामुळे अनेक पक्ष एकत्र दिसतात. पिसुर्लेकर आणि आपटे हे दोघे एकत्र वाचावेत, ही विद्यार्थ्यांना शिफारस.

५

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो भाषाशास्त्राच्या कक्षेतला आहे. गोव्याच्या दफ्तरात मराठ्यांचा आवाज पुष्कळदा पोर्तुगेज भाषांतरातून येतो. मूळ मराठी पत्र नाही. आहे तो राज्याच्या दुभाष्याने केलेला तर्जुमा. ह्या अधिकाऱ्याचे पोर्तुगेज पदनाम शब्दशः 'राज्याची जीभ' असे होते. मराठी शब्द 'दुभाषी' दोन भाषांची जाणीव ठेवतो. पोर्तुगेज पदनाम मात्र जिभेचे स्वामित्वच सांगते. पिसुर्लेकरांच्या १९५२ च्या ग्रंथाने असे मध्यस्थ किती आणि कोणकोणत्या समाजांतील होते ह्यावर अमोल प्रकाश टाकला आहे. शेणवी वकील तर दोन्ही बाजूंना आढळतात. सहकार्य घडले ते अशा माणसांच्या जिभेवर आणि बोरूच्या टोकावर.

आता असे पत्र पिसुर्लेकर आपल्या मराठी ग्रंथात देतात तेव्हा काय घडते? मराठीतून पोर्तुगेजमध्ये गेलेला शब्द तीन शतकांनी पोर्तुगेजमधून पुन्हा मराठीत येतो. मूळ पत्रात 'कौल' होता की 'दस्तक', 'करार' होता की 'तह', हे परतलेल्या शब्दावरून ठरविता येत नाही. इतिहासकारास त्याचे महत्त्व कमी वाटणे स्वाभाविक आहे; त्याला आशय हवा असतो. परंतु कौल हा वरिष्ठाने कनिष्ठास द्यावयाचा असतो आणि करार समानांमध्ये होतो. एका शब्दाने मागणारा सिद्ध होतो, दुसऱ्याने भागीदार. गोव्याच्या दृष्टीने जी याचना होती ती मराठ्यांच्या दृष्टीने बरोबरीची बोलणी असू शकेल, आणि ह्याच्या उलटही. भाषांतर निर्दोष असूनही येथे राजकारण हरवते. ही उणीव साधनांच्या स्वरूपातून आली आहे, संशोधकाच्या प्रामाणिकपणातून नव्हे. राज्यमंडळाचे ठराव त्यांनी मूळ पोर्तुगेजमध्ये संपादून दिले, त्यामुळेच पुढील अभ्यासकास निदान मधल्या टप्प्याची तपासणी शक्य झाली आहे, हेही विसरता कामा नये.

६

ह्या साऱ्याचा आजच्या काळाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास मुंबईच्या न्यायालयातीलच उदाहरण देता येईल. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोन्द्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातून जपानकडे ॲल्युमिनियम घेऊन निघाले असता पळविले गेले आणि त्यावरील खलाशांना समुद्रात सोडून देण्यात आले. क्वालालंपूरच्या चाचेगिरीविषयक माहिती-केंद्राने जहाजाचे वर्णन सर्वत्र कळविले. नोव्हेंबरात आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे ते 'मेगा रामा' ह्या खोट्या नावाने जाताना आढळले. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' आणि नौदलाच्या 'प्रहार' ह्या जहाजांनी ते पकडले. सहकार्य म्हणून हे प्रकरण आदर्श होते. आणि जहाज ओळखले गेले ते त्याचे नाव आणि त्याचा कागद जुळला नाही म्हणून. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या दंडसंहितेत नव्हता, आणि दरोड्यासारख्या भूमीवरील गुन्ह्यांच्या कलमांचा आश्रय घ्यावा लागला होता, ही उणीव त्या खटल्याने उघड केली. समुद्रावर जमलेले सहकार्य शब्दाच्या अभावी किनाऱ्यावर कसे पांगळे होते ते त्यातून दिसले. चाचेगिरीविरोधी विधेयक संसदेने संमत केले ते डिसेंबर २०२२ मध्ये. चाचेगिरी म्हणजे खासगी हेतूने केलेले कृत्य, अशी १९८२ च्या कराराची व्याख्या आहे. म्हणजे कोण राज्य आणि कोण खासगी, हा आंग्र्यांच्या वेळचा प्रश्न अजूनही व्याख्येच्या मध्यभागीच बसला आहे.

मराठी परिभाषेचीही हीच अवस्था आहे. वादळ, आग, जहाज फुटणे ह्यांपासून संरक्षण ही एक गोष्ट. घातपात, अपहरण, सशस्त्र हल्ला ह्यांपासून संरक्षण ही दुसरी. इंग्रजीत सेफ्टी आणि सिक्युरिटी असे दोन शब्द ह्यांकरिता रूढ आहेत आणि आंतरराष्ट्रीय करारही निरनिराळे आहेत. मराठीत आपण दोहोंना 'सागरी सुरक्षा' म्हणून मोकळे होतो. पोर्तुगेज भाषेतही एकाच शब्दाने दोन्ही कामे चालतात, तेव्हा मराठीने लाजण्याचे कारण नाही. परंतु संशोधनपर लेखनात तरी पहिलीस 'सुरक्षितता' आणि दुसरीस 'सुरक्षा' अशी नेमणूक करून ती कटाक्षाने पाळावी, अशी सूचना करावीशी वाटते.

नागपूरसारख्या समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरातून ही चर्चा का करावी, ह्या शंकेचेही निरसन केले पाहिजे. भारतीय नौदलाने हिंदी महासागर प्रदेशासाठी २०१८ मध्ये स्थापिलेले माहिती-केंद्र गुरुग्राम येथे आहे. तेथेही समुद्र नाही. कागदाला समुद्रकिनारा लागत नाही. शिवाय नागपूरकर भोसल्यांच्या राज्यास १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशाचा किनारा आणि बालेश्वरचे बंदर लाभले होते. त्या अर्धशतकात तेथे येणाऱ्या परक्या जहाजांना नागपूरच्या अधिकाऱ्यांनी कोणत्या शब्दांनी अभय दिले? 'कौल' हाच शब्द बंगालच्या उपसागरावर चालला, की तेथे निराळी परिभाषा होती? कोकणापुरतेच बोलणाऱ्या आपल्या आरमारी शब्दसंग्रहास ह्या पूर्वकिनाऱ्याची जोड मिळणे आवश्यक आहे. पिसुर्लेकरांनी पश्चिम किनाऱ्यासाठी जे एकट्याने केले त्याचा एक अंश जरी पूर्व किनाऱ्यासाठी येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केला, आणि घटनांच्या सूचीबरोबर शब्दांचीही सूची केली, तर वरील दोन्ही आक्षेपांचे खरे समाधान होईल. दफ्तर उघडून देणे हे त्यांचे काम होते, ते त्यांनी केले. त्यातील शब्द परत मूळ जागी बसविणे हे आपले काम आहे.